पेन्सिल न उचलता

परवा नातीच्या मोबाइलवर तिच्या नोकरीच्या अर्जाचं उत्तर आलं. ते वाचून ती स्वयंपाकघरात आली, ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "आजी, त्यांना फार खेद होतोय म्हणे." मी शेंगा सोलत होते. म्हटलं, "खेद कुणालाच होत नाही गं, ती लिहायची रीत आहे." ती हसली आणि आत निघून गेली. मी मात्र शेंगा तशाच ठेवून बसून राहिले. 'वी रिग्रेट टू इन्फॉर्म यू' हे शब्द नोकरीच्या सगळ्या वर्षांत माझ्या हातून किती कागदांवर उमटले असतील, त्याची गणती नाही. ते सांगताना कुणाचा आवाज जड झालेला मला आठवत नाही, आणि लिहिताना माझाही हात कधी अडला नाही. एकदाच अडला. तेव्हा माझी पहिलीच नोकरी होती आणि तो दुष्काळाचा उन्हाळा होता.

आम्ही नगरजवळच्या भिंगारला राहत होतो. बाजाराच्या मागे, लष्कराच्या छावणीची हद्द सुरू होते तिथे बैठ्या घरांची एक ओळ होती, त्यातल्या दोन खोल्या आमच्या. अण्णा, म्हणजे माझे वडील, छावणीतल्या एका मेसच्या बागेत माळी होते. गाव सुप्याच्या पलीकडे. तिथली कोरडवाहू जमीन चुलत्यांकडे ठेवून ते तरुणपणीच इकडे आले आणि इथलेच झाले. पहाटे छावणीतला बिगुल ऐकू यायचा, त्यावर आई उठायची. मग ओळीतल्या बायकांच्या हंडे-कळश्यांचा आवाज सुरू व्हायचा. त्या वर्षी नळ कितीदा तरी सूं करून नुसती हवा सोडायचा, आणि तेवढ्या आवाजानेच बायका एकमेकींवर खेकसू लागायच्या. मेसच्या बागेला पाणी घालायची बंदी झाली होती. अण्णांच्या देखत गुलाब वाळले, तरी ते रोज जाऊन कोरड्या आळ्यांतली माती उकरून भुसभुशीत करून यायचे, आणि घरी आल्यावर कुणाशी बोलायचे नाहीत. ज्वारी मिळेनाशी झाली होती. रेशनवर अमेरिकेहून आलेली तांबडी मिलो मिळायची. तिची भाकरी थापतानाच चिरायची. आई बोटं ओली करून कडेकडेने तिला सांधत राहायची आणि तव्यावर पडेपर्यंत ती पुन्हा फाटायची. गरम होती तोवर कशीबशी घशाखाली उतरायची, गार झाली की चामडं. सोबत लसणाची चटणी, आणि असलंच तर हुलग्याचं माडगं. दादा म्हणायचा, "ही भाकर तिकडं घोड्यालाबी देत नसत्याल." आई म्हणायची, "घोड्याला आजून आपल्यावानी भूक लागली न्हाई. गप खा."

दादा माझा थोरला भाऊ, दत्तू. नगरबाहेर पाण्याच्या पंपांचा एक कारखाना होता, तिथे फौंड्रीत तो मोल्डर होता. वाळूचे साचे करायचे आणि त्यांत वितळलेलं लोखंड ओतायचं, हे त्याचं काम. अंगाला कायम जळक्या वाळूचा वास यायचा, अंघोळीनंतरसुद्धा. मला शिकवायचं हे त्याच्याच डोक्यातलं. मॅट्रिक झाल्यावर अण्णा माझ्यासाठी स्थळं बघू लागले, तेव्हा तो जेवता जेवता म्हणाला, "तिला टायपिंगला घालू. आपल्या घरात एक तरी हात काळा न व्हता पगार आनंल." अण्णांनी मान हलवली नाही आणि नाहीही म्हटलं नाही. आमच्या घरात याला होकार म्हणत.

नगरला दिल्ली गेटाजवळ एका सायकलच्या दुकानावर टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. जिना चढतानाच टाइपरायटरांचा खडखडाट कानावर यायचा आणि वर गेल्यावर रिबिनीच्या शाईचा वास. शॉर्टहँड शिकवायला उजागरे सर होते. उन्हाळ्यातसुद्धा काळा कोट, तोंडात लवंग, आणि इंग्रजी असं की ऐकत राहावं. ते मिशनच्या शाळेत शिकलेले. एरवी मात्र तुमच्या-आमच्यासारखं नगरी मराठी बोलायचे. शॉर्टहँडमध्ये शब्द कानाला येतो तसा खुणेने लिहितात, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण नेहमी एकत्र येणारे शब्द सुटे लिहायचेच नसतात, हे मला तिथे कळलं. 'विथ रेफरन्स टू युवर लेटर' ही एकच वळणदार रेघ. 'आय ॲम डायरेक्टेड टू स्टेट' ही दुसरी. पेन्सिल न उचलता अख्खं वाक्यच्या वाक्य. मला त्याचा नाद लागला. भांडी घासताना राखेतून बोट फिरवत मी त्या रेघा गिरवायची.

सरांची एक सवय होती. त्यांच्या टेबलावर जुन्या कागदांचा गठ्ठा असे. दुकानदारांची पत्रं, कोर्टाचे निकाल, वर्तमानपत्रांची कात्रणं, कुणाकुणाचे अर्ज. ते एक वाक्प्रयोग फळ्यावर लिहायचे आणि तो या सगळ्यांत कुठे कुठे येतो ते शोधायला लावायचे. एकदा 'ऑब्लाइज्ड' हा शब्द दिला. अर्जात तो शेवटच्या ओळीत सापडला, 'आय शॅल बी ऑब्लाइज्ड', म्हणजे आपले उपकार होतील. गिरणीच्या नोटिशीत पहिल्याच ओळीत सापडला, 'वी आर ऑब्लाइज्ड टू क्लोज', म्हणजे गिरणी बंद करणं आम्हाला भाग आहे. सर म्हणाले, "अर्ज करणाऱ्यावर उपकार व्हतात आन् मालकाचा नाइलाज व्हतो. शब्द एकच हाय." दुसऱ्यांदा 'आय रिग्रेट' दिला. दुकानदाराच्या पत्रात त्याचा अर्थ माल शिल्लक नाही. रेल्वेच्या सूचनेत, गाडी उशिरा येईल. पुढाऱ्याच्या खुलाशात, मी माफी मागणार नाही. शेवटी एका म्हाताऱ्या मिशनरी बाईने मैत्रिणीला लिहिलेलं पत्र निघालं, त्या मैत्रिणीचा मुलगा गेला होता. तेच दोन शब्द. सरांनी ते अर्धं वाचलं आणि घडी घालून ठेवून दिलं. पुढचा धडा सुरू केला.

भिंगारच्या आमच्या ओळीत इंग्रजी लिहिणारी मी एकटीच, त्यामुळे घरोघरचे अर्ज आणि तारा माझ्याकडे येऊ लागल्या. त्या काळी जवानाला रजा मिळावी म्हणून घरून तार जायची, 'मदर सीरियस, स्टार्ट इमीजिएटली'. सगळ्यांची तार तीच. आई ठणठणीत असली, शेताचा वाद असला, बहिणीचं लग्न असलं तरी तीच. शेवटच्या घरात एका शिपायाची म्हातारी आई आणि बायको राहायच्या. म्हातारी खरंच आजारी पडली तेव्हा सुनेने मला तार लिहायला सांगितली. मी म्हटलं, वेगळं काही तरी लिहू. ती म्हणाली, "न्हाई बाई, समद्यांची जशी असती तशीच लिव." तो आला तेव्हा म्हातारीला जाऊन तेरावाही उलटला होता. तार मिळाली होती. वरच्यांनी ती शंभर वेळा वाचलेली होती, एवढंच.

वर्षभरात उजागरे सरांच्या चिठ्ठीवर मला दादाच्याच कारखान्यात नोकरी मिळाली, ऑफिसात स्टेनो म्हणून. सकाळी दादाच्या सायकलच्या कॅरिअरवर बसून मी जायची. शेजारून रज्जाक त्याच्या सायकलवर. रज्जाक आमच्याच ओळीतला, दादाचा लहानपणापासूनचा जोडीदार; दोघे एकाच भट्टीवर होते. वाटेत ते मला इंग्रजी बोलायला लावायचे. मी 'युवर मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट' म्हणायची आणि 'आपला आज्ञाधारक नोकर' हा त्याचा अर्थ ऐकून रज्जाक म्हणायचा, "आमी तर बिनइंग्रजीचेच तसे हाओत." फाटकातून आत गेलं की ते फौंड्रीकडे वळायचे आणि मी ऑफिसकडे. तिथे पंखा होता, आणि कोपऱ्यात ओल्या फडक्याचा माठ होता. तो कधी रिकामा नसायचा. टँकर आला की आधी साहेबांचा बंगला, मग ऑफिस, उरलं तर फौंड्रीतलं पिंप.

विहिरी आटल्यावर पंप कोण घेणार? माल पडून राहू लागला. उन्हाळ्याच्या सुरुवातीला पॅकिंगच्या काही लोकांना घरी पाठवलं. त्यांची पत्रं मीच टाइप केली, 'ओइंग टू शॉर्टेज ऑफ वर्क', म्हणजे काम कमी पडल्यामुळे. पत्रं देताना मॅनेजर साहेब म्हणाले की चांगले दिवस आले की यांना परत बोलवू. साहेब मुंबईहून नवीनच आले होते. सावकाश बोलायचे, टापटिपीने राहायचे, मला मिस शेळके म्हणायचे, आणि डिक्टेशन संपलं की थँक्यू म्हणायचे. मला ते आवडायचे. हे मी आज लिहिते आहे, तेव्हा हेही लिहायलाच हवं.

मे महिन्यात एका दुपारी फौंड्रीतलं पिंप सकाळपासून कोरडं होतं. भट्टीपाशी एक म्हातारा कामगार चक्कर येऊन पडला. दादा, रज्जाक आणि बबन नावाचा तिसरा एक मोल्डर, हे तिघे पुढे झाले आणि सुपरवायझरला म्हणाले की पाणी आल्याशिवाय आम्ही ओतणार नाही. तिघे साच्यांशेजारी वाळूत बसले. त्यांचं पाहून बाकीचेही थांबले. पाणी आलं, पण संध्याकाळ होत आल्यावर. तोवर भट्टीतलं लोखंड थिजून गेलं होतं. घरी येताना रज्जाक एवढंच म्हणाला, "पानी प्यायलो ना शेवटी."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला आत बोलावलं. खिडकीशी पाठमोरे उभे राहून ते सांगू लागले. "नाव रिकामं ठेवा, नंतर देतो. तिन्ही पत्रं सारखीच आहेत." मजकूर सोपा होता. 'वी रिग्रेट टू इन्फॉर्म यू'पासून ठरलेल्या वाक्यांचाच होता. 'द मॅनेजमेंट हॅज लॉस्ट कॉन्फिडन्स इन यू', तुमच्यावरचा आमचा विश्वास उडाला आहे. 'युवर सर्व्हिसेस आर नो लाँगर रिक्वायर्ड', तुमच्या सेवेची आता गरज नाही. 'विथ इमीजिएट इफेक्ट', ताबडतोब. सगळ्या रेघा माझ्या पाठ होत्या आणि हात त्यांच्यावरून झरझर चालला होता. खरं सांगायचं तर त्या दिवशी माझा हात फार छान चालला होता. कुणाची पत्रं असतील, हे डोक्यात यायला हवं होतं. आलं नाही, मजकूर संपेपर्यंत मी मजकुरातच होते. मग ते म्हणाले, "नावं घ्या," आणि त्यांनी पहिलं नाव बबनचं सांगितलं, दुसरं रज्जाकचं, आणि तिसरं शेळके दत्तात्रय. नगर जिल्ह्यात शेळके गल्लोगल्ली आहेत. त्यांना शंका यायचं काही कारण नव्हतं.

माझी पेन्सिल थांबली. ते वळले. मी म्हटलं, "साहेब, तिसरा माझा भाऊ आहे."

"सख्खा?"

"हो."

ते खुर्चीत बसले. म्हणाले, "मला कल्पना नव्हती. तुम्ही आज घरी जा. मी दुसऱ्या कुणाकडून टाइप करून घेतो."

मी उठले नाही. कुठून धीर आला कोण जाणे. म्हटलं, "साहेब, काढायचंच असेल तर काढा. पण विश्वास उडाला असं लिहू नका. असं पत्र घेऊन गेले तर कुठलाही कारखाना दारात उभं करणार नाही त्यांना."

"ती लिहायची एक पद्धत आहे, मिस शेळके. त्यात एवढं काही नसतं."

"मग दुसरी पद्धतही आहे. पॅकिंगच्या लोकांना लावली ती. काम कमी पडल्यामुळे."

ते माझ्याकडे बघत राहिले. रागावले नव्हते. माणूस हिशेब मनात करतो तसे बघत होते. मग म्हणाले, "ठीक आहे. तुमच्या भावाच्या पत्रात तसं करा."

"तिघांच्या करते, साहेब."

"तुमच्या भावाच्या. तिघांना तसं लिहिलं तर उद्या आणखी तिघे बसतील. आणि ते नको असेल तर तिन्ही मी सांगितली तशीच जातील. आज सह्या व्हायला हव्यात."

मी बाहेर येऊन मशिनशी बसले. दोन पत्रं एका तऱ्हेची टाइप केली आणि एक दुसऱ्या. डाव्या कोपऱ्यात खाली, पद्धतीप्रमाणे, टाइप करणाऱ्याची बारीक अक्षरं घातली, एम. एस., मालन शेळके. तिन्हींवर. या प्रसंगाकडे मी आयुष्यभर निरनिराळ्या बाजूंनी पाहिलं आहे. उठून निघून गेले असते तर काय झालं असतं, तिन्ही वाईट राहू दिली असती तर काय. प्रत्येक वेळी मी त्याच मशिनशी येऊन बसते आणि तेच टाइप करते.

पत्रं त्यांना सुटताना फाटकावर मिळाली. दादा त्या दिवशी माझ्यासाठी थांबला नाही. मी चालत घरी आले. आई चुलीपाशी होती, अण्णा दारात. दिवेलागणीला तिघेही आले, दादा, रज्जाक, बबन. इंग्रजी वाचता येणारं माणूस त्यांच्या माहितीत एकच होतं. दादाने तिन्ही पाकिटं माझ्यापुढे धरली. "माले, वाच गं. कुनी म्हनतं काढलं, कुनी म्हनतं नुसती ताकीद हाय."

मी बबनचं वाचलं आणि मराठीत सांगितलं. रज्जाकचं वाचलं, तेच सांगितलं. दादाचं हातात घेतलं आणि म्हटलं, "हेही तसंच आहे." मला वाटलं, निभेल. पण रज्जाकने तिन्ही कागद जमिनीवर कंदिलाशेजारी एका रांगेत मांडले. इंग्रजी त्याला येत नव्हतं. पण साच्यात केसाएवढी चीर दिसली तर ती ओळखायचं त्याचं काम होतं. तो म्हणाला, "माझ्यात हितं लांब ओळ हाय. बबनच्यातबी हाय. दत्तूच्यात न्हाई."

दादाने खाली वाकून कोपऱ्यातल्या अक्षरांवर बोट ठेवलं. "आन् हे काय हाय?"

"टाइप करणाऱ्याची अक्षरं."

"कुनाची?"

"माझी."

मग मी सगळं सांगितलं. साहेब काय म्हणाले, मी काय म्हटलं. सांगून झाल्यावर म्हणाले, "मी तिघांसाठी मागितलं होतं, दादा."

"आन् मिळालं कुनाला?"

मी कंदिलाची वात खाली-वर करू लागले. तो म्हणाला, "काल आमीबी तिघांसाठी पानी मागितलं. मी माझा येकट्याचा गलास भरून आनला न्हवता."

रज्जाक म्हणाला, "दत्तू, तिच्यावर कशाला? तिच्या हातात हुतं तेवढं तिनं केलं." बबनने आपला कागद घडी घालून खिशात ठेवला आणि आईने ओतलेला चहा न घेता निघून गेला. तो पुन्हा आमच्या घरी आला नाही. रज्जाकही थोड्या वेळाने गेला. दादाने आपला कागद आईपुढे टाकला. "चुलीत घाल."

आईला अक्षर ओळखता येत नव्हतं. तिने कागद उलटसुलट करून पाहिला. "काय लिवलंय ह्यात?"

"लिवलंय, मी चांगला हाय."

"मंग जाळायचं कशापायी?"

दादा उठून बाहेर गेला. आईने तो कागद जाळला नाही. पिठाच्या डब्याखाली सरकवून ठेवला आणि भाकरी करायला बसली.

मी नोकरी सोडायचं ठरवलं होतं. सकाळी मी आवरत नाही हे पाहून अण्णा जवळ आले. म्हणाले, "माझी बाग वाळली. आता त्येचा हात रिकामा झाला. तू जा." बस्स, एवढंच. मी गेले. फौंड्रीसमोरून ऑफिसकडे वळताना ओळखीचे लोक मान दुसरीकडे करायचे. माठातलं पाणी मी पीत नसे. घरून बाटली नेऊ लागले. साहेबांनी पूर्वीसारखंच थँक्यू म्हणणं चालू ठेवलं.

दादा रज्जाकबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागला. आईने ठेवलेलं पत्र दाखवून त्याला कुठेही चार भिंतींच्या आत काम मिळालं असतं, असं मला वाटे. तिकडे उन्हात लोकांना सुकडी वाटायचे, शिजवलेलं गोडसर पीठ. दादा तेवढीच खायचा आणि घरी येऊन भूक नाही म्हणायचा. माझ्या पगारातून आलेल्या धान्याला त्याने हात लावला नाही. आई रोज त्याच्या वाटणीची भाकरी करून झाकून ठेवायची आणि सकाळी ती वाळकी भाकरी कुस्करून मला डब्यात द्यायची. एकदा अण्णा त्याला म्हणाले, "राग मानसावर धरावा, अन्नावर धरू नगंस." दादा म्हणाला, "मानसावरबी न्हाई धरला. मला खरंच भूक नसती." माझ्याशी तो भांडला असता तर बरं झालं असतं. तो कामापुरतं बोलायचा. पाणी आलंय. अण्णा बोलावतायत. जळक्या वाळूऐवजी आता त्याच्या अंगाला दगडाच्या भुकटीचा वास यायचा.

पुढच्या पावसाळ्यात पाऊस पडला आणि खडीची कामं बंद झाली. एका रविवारी रज्जाक आमच्या उंबऱ्यावर येऊन बसला. तळहात फोडांनी भरलेले. म्हणाला, "मालन, पिंपरीला कारखान्यात मोल्डर पायजेत. मला अर्ज लिहून दे."

मी कागद घेतला. नाव, वय, अनुभव लिहून झाल्यावर विचारलं, "आधीची नोकरी का सोडली असं विचारतील, काय लिहू?"

"खरं लिही ना. आपुन काय चोरी केली?"

मी खूप वेळ बसले. मला पाठ असलेल्या एकाही रेघेत ते बसत नव्हतं. शेवटी साधी वाक्यं केली. आम्ही पाण्याशिवाय काम करत होतो. आम्ही पाणी मागितलं. म्हणून आम्हाला काढलं. वाचून दाखवल्यावर रज्जाकला ते फार आवडलं. त्याने दोनदा वाचायला लावलं. मलाही आवडलं. इंग्रजीत मी स्वतःचं म्हणून लिहिलेलं ते पहिलंच काही होतं. महिना गेला तरी त्या अर्जाला उत्तर आलं नाही.

मग मी उजागरे सरांकडे गेले. त्यांनी लवंग गालात सरकवून अर्जाची नक्कल वाचली. "चांगलं लिहिलंस," म्हणाले. "पन हे पेपरात छापायचं लिखान हाय, पोरी. अर्जात चालत न्हाई. अर्ज वाचनाऱ्याला भांडन नको असतं." कागदाच्या कडेला त्यांनी पेन्सिलीने तीन-चार शब्द लिहून दिले, 'ओइंग टू डोमेस्टिक डिफिकल्टीज', म्हणजे घरगुती अडचणींमुळे. जुनं पत्र दाखवायचंच नाही, नोकरी आपण होऊन सोडली म्हणायचं. पंधरवड्यात रज्जाकला बोलावणं आलं आणि तो पिंपरीला लागला. निघताना मला म्हणाला, "हे बरं हाय तुझं इंग्रजी. खरं बोललं की ऐकत न्हाई." तो चेष्टेत म्हणाला होता. मी ते चेष्टेत घेऊ शकले नाही, अजूनही घेता येत नाही.

दादाही पुढे तिकडेच गेला आणि तिकडचाच झाला. दिवाळीला यायचा, माझ्या मुलांना फटाके आणायचा, माझ्या हातचं जेवायचा. आम्ही म्हातारे होईपर्यंत एकमेकांच्या दुखण्याखुपण्याला धावलो. त्या पत्राचं नाव मात्र आमच्यात पुन्हा कधी निघालं नाही. आईने जपलेला तो कागद तिच्या मागे सापडला, तेव्हा दादाने तो पाहिला आणि काही न बोलता परत माझ्या हातात दिला.

पण ते सगळं नंतरचं. रज्जाक गेल्यानंतर काही दिवसांनी, मी दारात तांदूळ निवडत बसले होते. दादा येऊन समोर बसला. इतक्या महिन्यांत तो असा समोर बसला नव्हता. म्हणाला, "रज्जाकनं कळवलंय, आजून मानसं घेतायत. त्येला लिहून दिलास तसा मलाबी अर्ज लिहून दे."

मी आतून कागद आणला. घाबरतच म्हटलं, "तुला कारण शोधायला नको, दादा. आईकडे ते पत्र आहे. ते जोडलं की..."

"ते नगं."

"मग काय लिहू?"

"त्येचंच लिही. घरची अडचन."

मी लिहिलं, आणि नेहमीच्या सवयीने अर्ज पहिल्यापासून मराठीत वाचून दाखवला. त्या ओळीवर आल्यावर त्याने मान डोलावली. "रज्जाकचं हे खोटं हुतं," तो म्हणाला. "माझं खरं हाय." मग त्याने सही करायला माझ्या हातातून पेन घेतलं.